तालीम, दुपारी तीन ते पावणेचार

पत्र असं आहे:

“मी कोल्हापूरजवळच्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्थापक आहे. एमएसडब्ल्यू झालंय, वय ३६. आमच्याकडे ४२ आजी-आजोबा आहेत, त्यातले ११ अंथरुणावर. दोन सिस्टर, नऊ मावशी, तीन मामा. आठ ते आठ अशा दोन पाळ्या. अडचण अशी की सगळं माझ्यापाशीच येऊन थांबतं. रात्री साडेअकराला फोन येतो, ‘मॅडम, अमक्या आजी जेवल्या नाहीत, काय करू?’ मीटिंग घेतली की कोणी तोंड उघडत नाही, मी बाहेर पडले की कुजबुज सुरू. नातेवाईक भांडायला आले की मीच पुढे. आता ट्रस्टच्या बैठकीत एका विश्वस्तांनी कुठेतरी वाचलेलं सांगितलं की नाटक-चित्रकलेतून व्यवस्थापकांचे नेतृत्वगुण वाढतात. १५,००० रुपये आणि तीन महिने मंजूर झालेत. मला ना गाता येतं ना चित्र काढता. एखादा चित्रकार बोलावून भिंती रंगवून घेऊ का? की आजी-आजोबांचा कार्यक्रम बसवू? खरं सांगू, मला हे सगळं थेर वाटतंय.”

ताई,

भिंती रंगवू नका. रंगवायच्याच असतील तर दिवाळीआधी वेगळ्या पैशातून रंगवा. कार्यक्रम तर मुळीच नको. एकदा तो बसवायला घेतला की साड्या, माइक, प्रमुख पाहुणे आणि नाश्ता यांतच महिना जातो, आणि ती धावपळ कोणाच्या गळ्यात पडेल हे तुमच्या पत्रात दिसतंच आहे.

विश्वस्तांनी वाचलं ते मात्र थेर नाही. ब्रिटनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘माय होम लाइफ’ या उपक्रमात केअर होमच्या व्यवस्थापकांचे छोटे गट ठरावीक दिवसांनी भेटतात. आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यवस्थापकांसमोर एक खरी अडचण मांडायची, आणि ऐकणाऱ्यांनी सल्ला न देता प्रश्न विचारायचे, अशी त्यांची रीत. मनातलं शब्दांत सापडत नसेल तर टेबलावर पसरलेल्या फोटोंतला एक उचलून त्याच्या आधाराने बोलायचं. तिकडची व्यवस्था वेगळी: इंग्लंडमध्ये केअर होमला नोंदणीकृत व्यवस्थापक लागतो, तपासणी होते, तिचा अहवाल जाहीर होतो. आपल्याकडे ट्रस्ट, देणगीदार, एक मॅडम आणि बाकी मावशी. पण दुखणं तेच. व्यवस्थापक एकटा पडतो, आणि एकटा पडला की सगळ्याची उत्तरं आपणच देत सुटतो.

कोल्हापुरात हे समजवायला एक शब्द पुरतो. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा आणि तालीम म्हणजे नाटकाचा सराव. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना खेटूनच उभारलं, तिथे या दोन तालमी एकमेकींच्या शेजारी आल्या. दोन्हीकडे हिशेब एकच: मैदानात अंग आपोआप जे करतं ते आधी शेकडो वेळा केलेलं असतं, आणि तालमीत पाठ टेकली तरी कुस्ती हरल्याची नोंद होत नाही. चिडलेला मुलगा ऑफिसच्या दारात उभा राहतो तेव्हा तुम्ही मैदानात असता. त्याची तालीम आजवर कधी झाली? कलेचा उपयोग तुम्हाला तेवढ्यासाठी करायचाय. गळा नसला तरी चालतो.

तालीम कशाची, तेही ठरवून घेऊ. तुमच्या पत्रातलं ‘मॅडम, काय करू?’ हे वाक्य साडेअकराला येतं, कारण दिवसाचे बारा तास त्याला ताबडतोब उत्तर मिळत असतं. विचारलं की मिळतं, मग स्वतः कशाला डोकं चालवायचं? चूक झाली तर बोलणी कोण खाणार? तेव्हा तुमच्या तीन महिन्यांचं काम एवढंच: उत्तर ओठांवर आलेलं असताना ते दहा सेकंद धरून ठेवणं आणि तेवढ्यात समोर काय आहे ते बघणं. खाली लिहिलेलं सगळं त्यासाठीच आहे.

आधी मांडामांड. दर बुधवारी दुपारी तीन ते पावणेचार. जेवणं आटोपलेली असतात, आजी-आजोबा पडलेले असतात, चारचा चहा व्हायचा असतो. तुमची १४ माणसं आहेत, त्यांचे सातचे दोन गट करा, एका बुधवारी एक गट. १२ आठवड्यांत प्रत्येक गटाला सहा बैठका मिळतील. प्रत्येक गटात एक सिस्टर, दिवसपाळी-रात्रपाळीची सरमिसळ. मजल्यावर निदान दोघी हव्यातच, म्हणून दोन तासांसाठी बदली मावशी लावा. खुर्च्या गोल, मधे टेबल नको, दार बंद, फोन एकाच्याच हातात आणि तो तुमचा नसावा.

पैशाचं गणित ढोबळ मांडून देतो. नाटक शिकवणाऱ्या किंवा शिकलेल्या माणसाला चार वेळा बोलवा, म्हणजे प्रत्येक गटाच्या दोन बैठकांना, प्रत्येकी २,००० धरून ८,०००. बदली मावशीचे १२ बुधवारांचे २०० प्रमाणे २,४००. प्रिंट, चार्ट पेपर, मार्कर, शिसपेन्सिली यांना १,५०० खूप झाले. उरलेले ३,१०० रात्रपाळीच्या लोकांना, दुपारी यावं लागतं त्याचा भत्ता म्हणून. या रकमेला हात लावू नका. रात्रभर जागलेल्या बाईला झोपमोड करून फुकट ‘खेळायला’ बोलावलंत तर ती येईल, बसेल, आणि तीन महिने गप्प राहील.

पहिल्या दोन बैठका एकाच गोष्टीला द्या: चित्र बघणं. मोठ्या ए-थ्री कागदावर एका चित्राचा रंगीत प्रिंट काढा. चित्रात दोन-तीन माणसं काहीतरी करत असावीत आणि ते काय, हे पटकन कळू नये. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं कोल्हापूरचं भूषण आहेत, पण इथे तळं आणि झाडं फारशी कामाची नाहीत. माणसामाणसातला ताण दिसायला हवा. देवादिकांचं कॅलेंडरही नको, त्यात सगळ्यांना गोष्ट आधीच पाठ असते. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयात एक फेरी मारलीत तर कुठलं चित्र माणसाला थांबवतं याचा अंदाज येईल.

एक मिनिट घड्याळ लावून नुसतं बघायचं. मग तुम्ही तीनच प्रश्न विचारायचे: इथे काय चाललंय? असं चित्रात कुठे दिसतंय? अजून काय दिसतंय? ही पद्धत अमेरिकेत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी संग्रहालयांसाठी बसवली, पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांची नजर घडवायलाही ती वापरली गेली. पंधरा मिनिटं तुम्हाला या तीन वाक्यांपलीकडे बोलायची परवानगी नाही. कोणी काही म्हटलं की चित्रातली ती जागा बोटाने दाखवा आणि तिचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा, बास. ‘बरोबर’, ‘छान’, ‘अगदी’ बंद. एकीला ‘बरोबर’ म्हटलंत की बाकीच्या सहा जणी परीक्षा संपली असं धरून चालतात.

यात हमखास बिघडतं ते असं. सिस्टर आधी बोलतात आणि मग मावशी त्यांच्याच मताला मान डोलवतात. म्हणून सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करा. दुसरं, ‘कशावरून?’ हा प्रश्न पोलिसी आवाजात निघतो. निघाला की मावशी लगेच माघार घेते, ‘न्हाई, उगंच वाटलं.’ म्हणूनच वर ‘चित्रात कुठे दिसतंय’ असं लिहिलंय. त्यात बोट चित्राकडे जातं, माणसाकडे जात नाही. तिसरं, सगळे गप्प बसतात आणि तुम्हाला ते सहन होत नाही. मनात वीसपर्यंत मोजा. पंधराच्या आसपास कोणीतरी बोलतंच.

याचा खरा उपयोग पाळीबदलाच्या वहीत दिसला पाहिजे. दुसऱ्या बैठकीनंतर त्याच तीन प्रश्नांनी वहीतली नोंद तपासायला लागा. आज तुमच्या वहीत साधारण असं असेल: ‘आजी चिडचिड करत होत्या, जेवल्या नाहीत.’ यात डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नाही, सगळा निकाल आहे. मावशीला विचारलं, काय दिसलं? तर निघतं: ताट दोनदा सरकवलं, भाकरी बाजूला ठेवली, आमटी मात्र प्यायल्या, डावा गाल हाताने धरून बसल्या होत्या. एवढं लिहिलेलं असेल तर साडेअकराच्या फोनचं कारणच उरत नाही. रात्रीच्या सिस्टरनी कवळी काढून हिरडी बघायची, मऊ भात कालवून द्यायचा, सकाळी दंतवैद्याची वेळ घ्यायची.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं काढून एक जोडकाम करा. प्रत्येकाने रिकाम्या खाटेवर उताणं पडायचं आणि पडल्या पडल्या जे दिसतं तेवढंच पेन्सिलीने कागदावर काढायचं. तुम्हीसुद्धा. चित्र येत नसलं तर फार बरं, कारण येणारा माणूस सुंदर काढायच्या नादाला लागतो. कागदावर काय उतरतं? पंखा, ट्यूबलाइट, छताची ओल, दाराची वरची चौकट. घड्याळ कोणाच्याच चित्रात नसतं, ते डोक्यामागच्या भिंतीवर टांगलेलं असतं. ते हलवायला विश्वस्तांचा ठराव लागत नाही. कुठे हलवायचं ते मात्र तुम्ही सांगू नका.

तिसऱ्या बैठकीला नाटकवाला माणूस बोलवा. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांनी सामान्य माणसांसाठी जे नाट्यखेळ बसवले त्यातला एक म्हणजे अंगाने चित्र उभं करणं. दोघांच्या जोड्या. एक शिल्पकार, दुसरा माती. बोलायचं नाही. बाया-पुरुष एकत्र आहेत, तेव्हा अंगाला हात न लावता, शिल्पकाराने स्वतः तशी ढब घेऊन दाखवायची आणि मातीने आरशासारखी उचलायची. विषय: जेवण भरवणं. ढब तयार झाली की तीस सेकंद तसंच थांबायचं.

बहुतेक जोड्यांत दिसतं ते असं: भरवणारी उभी, चमचा वरून येतोय, खाणाऱ्याची मान मागे. आता मातीला विचारा, मानेला काय होतंय? मग त्यांनाच म्हणा, असं करा की मानेला बरं वाटेल. थोड्या वेळात खुर्ची ओढली जाते, डोळ्याला डोळा येतो, चमचा खालून जातो, हनुवटी जराशी आत येते. मान मागे टाकलेल्या माणसाला घास श्वासनलिकेत जायचा धोका जास्त. अर्धा चमचा घास, मधे थांबणं, जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवणं, हे सिस्टरनी शंभरदा सांगितलेलं असणार. पण तीस सेकंद मान मागे टाकून बसलेल्या बाईला ते एकशे एकाव्या वेळी सांगावं लागत नाही.

त्याच बैठकीत दुसरा विषय: ‘आमची मीटिंग’. या वेळी तुम्ही माती व्हा. सगळ्यांनी मिळून तुम्हाला आणि एकमेकांना उभं करायचं. सांगून ठेवतो, बघायला बरं वाटणार नाही. बहुधा तुम्ही उभ्या असाल, हातात वही, बोट पुढे. बाकीचे जमिनीकडे बघत असतील, एक जण दाराकडे. त्या क्षणी खुलासा द्यायची अनावर उबळ येईल: ‘अहो, पण मी तर म्हणत असते की बोला...’ तोंड मिटून ठेवा. हे सत्र तुम्ही स्वतः चालवायचं नाही, बाहेरचा माणूस त्यासाठीच आणलाय. त्याने फक्त म्हणायचं, ‘आता हीच मीटिंग जशी हवी तशी करा.’ दुसऱ्या चित्रात तुमची जागा कुठे आली ते लक्षात ठेवा आणि पुढच्या सोमवारच्या खऱ्या मीटिंगला नेमकं तिथे बसा. कारण सांगू नका, भाषण तर नकोच.

चौथी आणि पाचवी बैठक सगळ्यात मोलाची. हासुद्धा बोआल यांचाच प्रकार: तीन मिनिटांचा प्रवेश करायचा, तो मुद्दाम बिघडू द्यायचा, मग पुन्हा सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून आत शिरायचं. नमुन्यासाठी एक प्रवेश देतो.

रविवार, सकाळचे साडेसात. मुलगा तीन आठवड्यांनी आलाय. आईच्या हातावर काळानिळा डाग. शेजारी मावशी उभी आहे.

मुलगा: हे काय हे? कोणी मारलं आईला?
व्यवस्थापक: अहो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, जरासं लागलं तरी डाग पडतो.
मुलगा: म्हणजे मी उगाच ओरडतोय?
व्यवस्थापक: तसं नाही, पण तुम्ही येता तीन आठवड्यांनी...

झालं. तिसऱ्या वाक्यापर्यंतच प्रवेश मेला. गोळीबद्दलची माहिती खरी आहे, तरी ती आधी आल्यामुळे सारवासारव वाटते. आणि डाग कसा पडला हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला कोणी विचारलंच नाही.

पहिल्या खेळात व्यवस्थापकाची भूमिका दुसऱ्या कोणाला द्या. तुम्ही मावशी व्हा. अट एकच: कोणी विचारेपर्यंत बोलायचं नाही. तीन मिनिटं खरं उत्तर पोटात ठेवून उभं राहिल्यावर तुमच्या मीटिंगमधली शांतता कुठून येते हे अंगाला कळेल.

मग पुन्हा सुरुवात. बदलायची ती व्यवस्थापकाचीच भूमिका. मुलगा बदलून गोड करायचा नाही. मुलगा करणाऱ्याला कानात सांगून ठेवा: आपलं ऐकलं गेलं असं खरोखर वाटलं तरच आवाज खाली आण, नाहीतर ओरडत राहा. हे सांगितलं नाही तर दुसऱ्याच प्रयत्नात मुलगा विरघळतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. अशा तालमीचा पैलवान पहिल्या डावालाच चीत. तीन-चार प्रयत्न होऊ द्या. कोणी माफी मागत सुटेल, कोणी सिस्टरना हाक मारून सुटका करून घेईल, कोणी सीसीटीव्ही दाखवतो म्हणेल. प्रत्येकानंतर दोन मिनिटं बोला, आणि प्रश्न ‘कोणाचं चांगलं झालं?’ हा नको. ‘कुठल्या शब्दाला मुलाचे खांदे खाली आले?’ असं विचारा. साधारण अशा वळणावर गाडी रुळावर येते:

व्यवस्थापक: बसा. कुठला हात? (बघते.) मावशी, रात्री तुम्ही होतात. तुम्हीच सांगा.
मावशी: पहाटं कुशीवर वळवताना हात खाटेच्या लोखंडाला घासला. मी सिस्टरना सांगितलं हुतं.
व्यवस्थापक: मी हे लिहून घेते आणि तुम्हाला वाचून दाखवते. त्या दांडीला आज काय करता येईल, तेही बघू.

यातलं पहिलं ‘बसा’ म्हणताना आवाज कुठून निघतो यावर नाटकवाल्याला थोडा वेळ घालवू द्या. उभं राहून घाईत म्हटलेलं ‘बसा’ आणि स्वतः बसून म्हटलेलं ‘बसा’ यांत फार फरक आहे, आणि तो करून बघितल्याशिवाय कळत नाही.

काही पथ्यं. त्याच आठवड्यात घडलेला प्रसंग घेऊ नका, निदान दोन महिने जुना घ्या, माणसं बदला. आजी-आजोबांची नक्कल करून हशा मिळवायचा नाही, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्यांची. कोल्हापूरची माणसं, हशा होणारच, तो प्रसंगावर असावा. संपल्यावर प्रत्येकाने उठून जागा बदलायची, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, पाणी प्यायचं. हे बालिश वाटलं तरी गाळू नका. ओरडणारा मुलगा झालेला मामा तोच आवाज घेऊन चारच्या चहाला गेला तर पंचाईत.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा. ‘इथलं इथेच राहील’ असं वचन देऊ नका. खेळता खेळता कोणी बोलून गेलं की अमक्या आजोबांवर खरंच हात उगारला होता, तर खेळ तिथेच थांबतो. ती तक्रार असते. त्याच दिवशी त्या आजोबांची तपासणी, लेखी नोंद, ट्रस्टला लेखी कळवणं, आणि चौकशी होईपर्यंत ती व्यक्ती त्यांच्या सेवेत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन दर्शनी भागात लावलेली असावी, ती कर्मचाऱ्यांनाही पाठ हवी.

सहावी बैठक हलकी ठेवा. तुमच्या मामांपैकी एखादा तरी गावच्या भजनात टाळ धरत असणार. कागल-राधानगरी भागातला असेल तर सोंगी भजनही पाहिलेलं असेल. भजनी ठेका आठ मात्रांचा. टेबलावर बोटांनी धरा, टाळ नकोत, आत माणसं झोपलीत. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवी मोकळी. चार आवर्तनं एकाने चालवायची आणि नुसत्या नजरेने दुसऱ्याकडे सोपवायची. तुमच्याकडे आली तर घ्यायची नाही, पुढे पाठवायची. सूत्र हातून गेल्यावरही लय टिकते की नाही, हे तुम्ही मागच्या रांगेत बसून ऐका. बाकी काही नाही.

आजी-आजोबांना यात काहीच नाही का? आहे, पण आठव्या आठवड्यानंतर, आणि तेही रंगमंचावर नको. अमेरिकेतल्या अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसोबत गोष्ट रचण्याची एक रीत घडवली. जरा विचित्र चित्र दाखवायचं, म्हशीच्या पाठीवर बसून छत्री धरलेलं पोर वगैरे, आणि विचारायचं: याचं नाव काय ठेवूया? कुठे निघालाय? जे उत्तर येईल ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरात चार्ट पेपरवर लिहायचं. ‘आठवतं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, तोच त्यांना घाबरवतो. म्हणून गुऱ्हाळाचा फोटोही टाळा. बसलेल्यात एखादा जुना गुळव्या निघाला की गोष्ट बाजूला राहते आणि काहील कशी चुकीची ठेवलीय यावर अर्धा तास जातो. एका आजींनी पोराला ‘पंतप्रधान’ म्हटलं आणि दुसऱ्यांनी ‘आमचा धाकटा’, तर दोन्ही लिहा. दर पाच मिनिटांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवा. लिहिण्याचं काम तुमचं. दुरुस्ती न करता दुसऱ्याचं वाक्य कागदावर उतरवणं याइतकी कडक तालीम व्यवस्थापकाला दुसरी नाही.

विश्वस्तांना काय दाखवायचं? फोटो आणि प्रमाणपत्रं मागतील. त्याऐवजी तीन आकडे द्या, सुरू करण्याआधीच्या दोन आठवड्यांचे आणि शेवटच्या दोन आठवड्यांचे: रात्री दहानंतर तुम्हाला आलेले फोन, सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमच्याशिवाय बोललेली माणसं, आणि तुमच्यापर्यंत न येता मजल्यावरच मिटलेल्या नातेवाइकांच्या तक्रारी. एक चौथा आकडाही असेल, पडण्या-खरचटण्याच्या नोंदींचा, आणि तो सुरुवातीला बहुधा वाढेल. आजवर न सांगितलेलं सांगितलं जाऊ लागल्याने तो वाढतो. हे विश्वस्तांना आधी लिहून द्या. नंतर सांगितलंत तर तेही सारवासारवच वाटेल.

रात्री ४२ माणसांमागे दोनच मावशी असतील, किंवा पगार वीस तारखेला होत असेल, तर मात्र हे पैसे आधी तिकडे वळवा. ज्यांचा पगार अडलाय त्यांना शिल्पकार-माती खेळायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ.

माणूस निवडताना फोनवर ‘तुम्ही काय बसवून द्याल?’ असं विचारू नका, तो नाटुकलं बसवून देईल. विचारा, ‘सात जण पंधरा मिनिटं गप्प बसले तर तुम्ही काय कराल?’ ‘मी त्यांना हसवीन’ म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. ‘मीही थांबेन’ म्हणाला तर बोलवा. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात चौकशी केलीत तर अशी माणसं सापडायला सोपं जाईल. मानधन आणि रिक्षाभाडं आधीच बोलून घ्या.

पहिला बुधवार यायला दोन आठवडे ठेवा आणि आज रात्रीपासून उशाशी एक वही ठेवा. चार रकाने: तारीख, वेळ, कोणाचा फोन, आणि फोन करणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं का. चौथा रकाना मनाने भरू नका. फोनवरच विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं, काय करावं?’, मनात वीसपर्यंत मोजा, आणि पलीकडून जे येईल ते लिहा.